लाईट गेल्यावर नेमकं काय चालू राहायला हवं?

मे महिन्यातला वळीव नेवासे तालुक्यात बहुधा दुपार कलल्यावर येतो. आधी धुळीचा लोट, मग गोठ्याच्या पत्र्यांची खडखड, आणि पहिला थेंब अंगावर पडायच्या आत लाईट गेलेली असते. नगरकडे वीज पडते. जाते ती लाईट. पुढच्या मिनिटाभरात कुणाच्या घरी काय सोय आहे, हे डोळे मिटूनही सांगता येतं. एका घरातून इन्व्हर्टरची बारीक टिकटिक येते. दुसऱ्या घरासमोर कुणीतरी दोरी ओढतं, तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला पेट्रोलचा छोटा जनरेटर फटफटू लागतो. बाजारपेठेत मेडिकलच्या बाजूला डिझेलचं धूड गुरगुरतं. उरलेल्या घरांत ओट्यावरच्या स्टीलच्या पेल्यात मोबाईल उभा केलेला असतो आणि त्याच्या टॉर्चवर भाकरी थापली जाते.

या गावांतल्या काही घरांची मुलं अमेरिकेत आहेत. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत टेक्सासची वीजयंत्रणा कोलमडली आणि पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरं, व्यवसाय अंधारात गेले. जुलै २०२४ला बेरिल वादळानंतर ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची आठवडाभर आली नाही. तेव्हापासून तिकडच्या घरांशेजारी एक करडं खोकं दिसू लागलं आहे. वीज गेली की काही सेकंदांत आपोआप सुरू होणारा, प्रोपेनच्या टाकीवर किंवा पाइपच्या गॅसवर चालणारा जनरेटर. व्हिडिओ कॉलवर ते खोकं कौतुकाने दाखवलं जातं आणि इकडे विचारणा सुरू होते: असला गॅसचा जनरेटर आपल्याकडे मिळतो का?

मिळतो. पण तो घ्यावा का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि बहुतेक घरांसाठी त्याचं उत्तर नाही असंच द्यावं लागेल.

प्रोपेन हे नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. आपल्या सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खाली गेला की द्रवच राहतो, त्याचा वायू होत नाही. प्रोपेनचा उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो. बर्फात टाकी अंगणात ठेवणाऱ्याला म्हणून शुद्ध प्रोपेन हवा असतो. नगरच्या हवेत ती अडचण नाही. इथे ‘प्रोपेन जनरेटर’ म्हणजे व्यवहारात एलपीजीचा जनरेटर.

त्याचा एक गुण मात्र खरा आणि मोठा आहे. गॅस शिळा होत नाही. पेट्रोल होतं. त्यात २०२५पर्यंत देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. ज्या जिल्ह्यातले साखर कारखाने हे इथेनॉल तयार करतात, त्याच जिल्ह्यात दिवाळीला भरून ठेवलेला जनरेटर वळवात दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी पेटत नाही. कार्बोरेटर उघडला तर जेटमध्ये चिकट राळेसारखा थर बसलेला असतो. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. गॅसवर चालणारं इंजिन वर्षभर पडून राहिलं तरी निदान इंधनाच्या बाजूने तयार असतं. त्याचा धूर कमी, तेलही काळं लवकर होत नाही.

मग अडतं कुठे? सिलिंडरपाशी. घरात जो लाल सिलिंडर येतो तो स्वयंपाकासाठी आहे. तो जनरेटरला जोडणं नियमात बसत नाही, आणि सणासुदीला नंबर लावून मिळालेली टाकी इंजिनात जाळायला घरातली गृहिणीही देणार नाही. १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा तर २०२५च्या भावाने किलोला पंच्याऐंशी-नव्वद रुपये पडतात. छोटं गॅस इंजिन किलोमागे दोन-सव्वादोन युनिट वीज देतं. म्हणजे युनिट चाळीस रुपयांच्या आसपास. डिझेलच्या चांगल्या जनरेटरला तेच युनिट तीस रुपयांना पडतं, पेट्रोलच्या छोट्याला साठच्या पुढे. एक किलोवॉटच्या भाराला निळा सिलिंडर चाळीसेक तास पुरेल, दोन किलोवॉटला वीस. वाचायला बरं वाटतं. पण भार वाढला की सिलिंडरच्या पोटावर दव धरतं. आतला द्रव उकळून वायू होताना पत्रा गार पडतो, गार पडला की वायू कमी सुटतो आणि निम्मी टाकी शिल्लक असताना इंजिन धापा टाकू लागतं. लग्नात भटारखान्याच्या आचाऱ्याने टाकी कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

अमेरिकेतला माणूस यातून सुटतो, कारण त्याच्या परसात एकोणीसशे लिटरची टाकी असते आणि ट्रक येऊन ती भरून जातो. आपल्याकडे सिलिंडरांतला १०० किलोपर्यंतचाच साठा परवान्याशिवाय ठेवता येतो. त्यापुढे नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं दार ठोठावावं लागतं. शिवाय देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त समुद्रावरून येतो. आखातात गडबड झाली की आधी निळा सिलिंडर दुर्मीळ होणार, लाल नंतर. आणि डिझेल इंजिनाचा मिस्त्री तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत बसलेला असतो, गॅस इंजिनाचा शोधत पुण्याला जावं लागतं.

तेव्हा कुठला जनरेटर, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून पाहिला तर जिल्ह्यात त्याआधीचा एक प्रश्न दिसतो: घर कुठल्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या कुठल्या तारेवर आहे?

शहरातल्या माणसाला हे कळत नाही. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तासांचं भारनियमन चाललं. शेतीपंपांचा भार आणि घरांचे दिवे एकाच तारेवर असल्यामुळे पंप बंद करायचे तर घरंही अंधारात जात. त्यातून गावठाणाचे फीडर वेगळे काढण्याचं काम झालं, कुठे शेतीच्या तारेवर ठरावीक वेळ सिंगल फेज सोडण्याची युक्ती आली, आणि संध्याकाळी गावाने आपणहून मोटारी बंद ठेवायच्या ही अक्षय प्रकाश योजनाही. गावठाणाचं बरंच सुधारलं. पण नगर जिल्ह्यात किती माणसं गावठाणात राहतात? क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा असलेला, सतरा हजार चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा वस्त्यांचा आहे. मळ्यात घर, घराला लागून गोठा, शाळेची बस डांबरीवर येते. या वस्त्या शेतीच्या फीडरवर आहेत. त्यांना थ्री फेज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. बाकीच्या वेळी सिंगल फेज, तीही मिणमिणती. त्या सिंगल फेजवर कुणी कंडेन्सर लावून मोटार चालवली की अख्ख्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, घसा बसतो आणि एखाद्या रात्री तेलाचा वास पसरून ती जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टर, चर्चा.

गावठाणातल्या घराची लाईट तासा-दोन तासांसाठी जाते. वस्तीवरच्या घराची कधी दिवसचे दिवस. दोघांना एकच यंत्र विकणारा दुकानदार दोघांपैकी एकाला नक्की फसवतो.

आधी गावठाणातलं घर घेऊ. तीन पंखे, सहा दिवे, टीव्ही, वायफायचं खोकं, दोन मोबाईल. पंखे जुने असतील तर एकेक पंच्याहत्तर वॉट खातो. नवे बीएलडीसी असतील तर तीसच्या आसपास. जुन्या पंख्यांसह हा भार साधारण पावणेचारशे वॉट होतो, नव्यांसह सव्वादोनशे. घरोघरी असते ती दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी कागदावर अठराशे वॉट-अवरची आहे. पण तिचा तळ गाठायचा नसतो आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. हाती अकराशे-बाराशे लागतात. म्हणजे जुन्या पंख्यांवर तीन तास, नव्यांवर पाच. इन्व्हर्टर मोठा करण्यापेक्षा पंखे बदलणं स्वस्त, हे दुकानात कुणी सांगत नाही. तीन-चार हजारांच्या पंख्यावर नफा किती सुटणार?

याच घराला जनरेटर हवासा वाटतो तो फ्रीज आणि पाण्याच्या मोटारीमुळे. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार चालताना चारशे-पाचशे वॉट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. त्या क्षणाला घाबरून लोक पाच केव्हीएचं धूड आणतात, आणि नंतर ते दोन पंख्यांवर गुरगुरत ठेवतात. हे डिझेलच्या इंजिनाला सोसत नाही. तिसरा हिस्सा भारही नसेल तर ते नीट तापत नाही, जळालेलं-न जळालेलं तेल सायलेन्सरमध्ये ओघळतं आणि धुराड्याच्या तोंडाशी काळी मेंदी चढते. जनरेटर मोठा घेतला की सुटलो, असं यात होत नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी भरलेली असली, तर मोटारीची गरज दोन दिवस टळते. फ्रीजचं दार सारखं उघडलं नाही तर तीन-चार तास काही बिघडत नाही. गावठाणातल्या घराला इंजिन लागत नाही, हे या हिशेबातून निघणारं मत आहे. ज्या घरात ऑक्सिजनचं यंत्र चालतं किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस हवेच्या गादीवर आहे, ते घर अर्थात याला अपवाद.

वस्तीवरचा हिशेब वेगळ्या जागी सुरू होतो: गोठ्यात. पहाटे पाचला वीस संकरित गाई दूध काढायच्या थांबलेल्या असतात आणि मिल्किंग मशीनची एक-दीड अश्वशक्तीची मोटार मुकी पडते. संकलन केंद्राची गाडी सातला निघून जाणार. हाताने वीस गाई काढायला घरात तेवढी माणसं आता नसतात आणि मशीनची सवय लागलेली गाय हाताला पान्हाही लवकर सोडत नाही. दूध सडात राहिलं तर कास दगडी होण्याची भीती. इथे इन्व्हर्टरने भागत नाही. पडद्याच्या आत पंख्यांवर जगणाऱ्या कोंबड्यांच्या बंद शेडला तर अर्धा तासही खूप झाला. असल्या ठिकाणी इंजिन हवंच, तेही तीन ते पाच केव्हीएचं, रोज नसलं तरी आठवड्यातून एकदा भार टाकून दहा मिनिटं चालवलेलं. डिझेल ट्रॅक्टरसाठी घरात असतंच, म्हणून डिझेलचं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने त्याच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा अल्टरनेटर विचारात घ्यावा. एकच इंजिन सांभाळायचं राहतं. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार जनरेटरवर चालवण्याचा मोह मात्र आवरावा. ती सुरू करायला पंधरा केव्हीएच्या आसपासचं यंत्र लागतं, आणि तीस रुपये युनिटने उपसलेल्या पाण्यावर पिकवलेला कांदा लिलावात ते पैसे परत आणत नाही.

गॅसच्या जनरेटरला या जिल्ह्यात जागा आहे ती तिसऱ्याच ठिकाणी: हॉटेलं, मंगल कार्यालयं, शिर्डीतली लॉज. तिथे निळे सिलिंडर रोज येतात, साठ्याची व्यवस्था आहे, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या भक्ताला डिझेलचा धूर नको असतो. १ जुलै २०२३पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जनरेटरच्या धुराचे निकष कडक झाले, त्यामुळे डिझेलची नवी यंत्रं महागली आणि गॅसची तुलनेने वाजवी वाटू लागली. व्यावसायिकाने हा पर्याय जरूर पाहावा. घरमालकाने त्याच्या मोहात पडू नये.

हल्ली प्रत्येक बैठकीत एक वाक्य ऐकू येतं: “आम्ही सोलर बसवलंय, आता काळजी नाही.” फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, आणि छतं खरोखर भरू लागली आहेत. पण भर दुपारी बाराला, ऊन रखरखत असताना लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. लोक कंपनीला शिव्या घालतात. त्यात बिघाड काही नसतो. महावितरणच्या तारेला जोडलेला सोलर इन्व्हर्टर तारेत वीज नसेल तर स्वतःहून थांबतो, तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. कारण तो थांबला नाही, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात छतावरची वीज जाईल. लाईट गेल्यावरही सोलर चालायला हवा असेल तर बॅटरी जोडलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि तो आधीच सांगून घ्यावा लागतो.

जनरेटरला असं शहाणपण नसतं. ते माणसाने पुरवायचं असतं. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातल्या प्लगमध्ये खुपसायची, हा उद्योग गावोगाव चालतो. मेन स्विच पाडायचा राहिला की २३० व्होल्ट उलटे डीपीत जातात, आणि डीपी तिचं काम उलट्या दिशेनेही चोख करते: पलीकडच्या तारेत अकरा हजार व्होल्ट. वर वायरमन असतो, बहुधा पावसात, कधी त्याच्या जागी गावातला झिरो वायरमन, म्हणजे नोकरीत नसलेला मदतनीस. चेंजओव्हर स्विच हजार-दोन हजारांचा असतो. स्विचगिअरचा मोठा कारखाना नगरच्याच एमआयडीसीत आहे, म्हणजे वस्तू काही परदेशातून मागवायची नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. डिसेंबर २०२४मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. अमेरिकेत सुट्या जनरेटरच्या धुराने दरवर्षी शंभरच्या आसपास माणसं जातात, आणि चक्रीवादळानंतर तर वादळापेक्षा जनरेटरने जास्त माणसं नेल्याची उदाहरणं आहेत. गॅसचं इंजिनही यातून सुटत नाही. स्वच्छ जळतं म्हणून ते पडवीत ठेवणारा उलट जास्त गाफील असतो. आपल्याकडे चोरीच्या भीतीने आणि पावसामुळे जनरेटर जिन्याखाली ठेवतात, त्याच जिन्यातून धूर वरच्या झोपायच्या खोलीत जातो. एलपीजीची आणखी एक खोड अशी, की तो हवेपेक्षा जड आहे. गळाला तर वर उडून जात नाही, तळघरात, चरीत, बाथरूमच्या मोरीत पाण्यासारखा साचतो. तेव्हा यंत्र बाहेर, खिडकीपासून वीसेक फूट लांब, वर पत्रा, चारी बाजू उघड्या. चोराची भीती असेल तर साखळदंड.

इथवर सगळा हिशेब एकेका घराचा झाला. या लेखाची खरी तक्रार त्याच्या पुढची आहे. ज्याच्या घरी इन्व्हर्टर चालू होतो, तो सबस्टेशनला फोन करायचा थांबतो. आधी गावातला डॉक्टर, मग शिक्षक, मग दूधवाला आणि मग सरपंच स्वतःची सोय करून घेतात. डीपीवर जास्तीचा भार असल्याचं सांगायला उरतो तो ज्याच्या घरी पेल्यात मोबाईल उभा आहे. त्याच्या फोनला किती वजन असतं?

हाच जिल्हा एकेकाळी उलट वागला होता. देशात ग्रामीण वीज सहकाराचे सुरुवातीचे पाच प्रयोग झाले, त्यातला एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्था. श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या गावांना ती सभासदांची संस्था म्हणून वीज वाटत होती. पुढे थकबाकी चढत गेली आणि फेब्रुवारी २०११पासून तिचं क्षेत्र महावितरणकडे गेलं. त्या संस्थेचा कारभार आदर्श होता असं कुणी म्हणणार नाही. पण लाईट गेली की जाब विचारायला सर्वसाधारण सभा होती. २००६ मध्ये पुण्याने आणखी वेगळं केलं: उद्योगांनी आपले जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका केला, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलात घातला, आणि शहराचं भारनियमन टळलं. जनरेटर तेच, पण वापर सगळ्यांसाठी.

अकोले तालुक्यात घाटघरला तर अख्ख्या राज्याचा इन्व्हर्टर बसवलेला आहे. वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी घाटावर चढवायचं, मागणी वाढली की तेच कोकणाच्या बाजूला सोडून २५० मेगावॉट काढायचे. २००८पासून हे चालू आहे. त्याच तालुक्यातल्या वाड्यांवर एक झाड पडलं की दोन-दोन दिवस अंधार असतो. टंचाई विजेची असण्याचे दिवस बऱ्याच अंशी सरले. आता अडतं ते शेवटच्या दोन मैलांत, वाकलेल्या खांबात, दुरुस्ती न झालेल्या डीपीत. शेतीच्या फीडरला दिवसा सौरवीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये जाहीर झाली, तेव्हा पहिल्या प्रयोगांसाठी यवतमाळमधलं कोळंबी आणि आपल्याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी निवडलं गेलं. बिबट्याच्या भीतीने हातात काठी-बॅटरी घेऊन रात्री दारं धरणाऱ्याला जनरेटरच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा या योजनेचा उपयोग जास्त आहे. ती त्याच्या फीडरवर कधी येणार, हे ग्रामसभेत विचारायला हवं.

तोवर जळालेल्या डीपीचं काय? राज्य वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत ती ग्रामीण भागात किती तासांत बदलून द्यायची याची मुदत ठरलेली आहे, आणि मुदत टळली तर ग्राहकाला भरपाई मागता येते. मागणारे थोडेच, कारण तक्रार तोंडी झालेली असते: वायरमनला, टपरीवर. तीच तक्रार १९१२ वर फोन करून नोंदवली की एक क्रमांक मिळतो. तो दिवस आणि वेळेसह बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवावा; घरात इन्व्हर्टर चालू असला तरी.